तीन कड्या, मे १८८९

बिल्ला पितळेचा आहे. वरच्या कडेला भोक पाडलेलं, बहुधा घड्याळाच्या साखळीत अडकवता यावा म्हणून. दर्शनी बाजूला एकमेकींत गुंतलेल्या तीन कड्या आणि प्रत्येक कडीत एकेक अक्षर: एफ, एल, टी. मैत्री, प्रेम आणि सत्य यांची ती इंग्रजी आद्याक्षरं. मागच्या बाजूला उघडा तळवा आणि त्यावर ठेवलेलं हृदय. त्याखाली कुणीतरी एकेक अक्षर हातोडीनं ठोकून उमटवलंय: जॉन्सटाउन, पेनसिल्व्हेनिया, मे १८८९. ओळ सरळ नाही. दुसऱ्या आठाचा ठसा दुबार पडलाय, शेवटचा नऊ कडेला घसरलाय. नाव होतं तिथे बोट फिरवलं तर नुसता खडबडीतपणा लागतो, वाचता काही येत नाही. इतकी वर्षं कुणाच्या तरी खिशात घासून कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून मला जुन्या वस्तूंच्या बाजारात भटकायची सवय लागली आहे. तिथेच हा मिळाला. विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी तो माझ्या हातावर ठेवताना फक्त तारखेवर बोट ठेवलं. पुढे काही बोलले नाहीत, आणि इथल्या माणसाला बोलावंही लागत नाही. त्या महिन्याच्या शेवटी वरचं धरण फुटून हे गाव वाहून गेलं होतं. जॉन्सटाउन आणि मे १८८९ हे दोन शब्द शेजारी आले की इकडे माणसं क्षणभर थांबतात. आपल्याकडे पुण्यात कुणी ‘जुलै एकसष्ट’, म्हणजे पानशेत फुटलं तो महिना, म्हटलं की घरातली जुनी माणसं थांबतात, तसं.

बिल्ला ऑड फेलोज या बंधुसंघाचा. हा संघ मूळचा इंग्लंडातला. लंडनहून आलेल्या थॉमस वाइल्डी नावाच्या लोहारानं २६ एप्रिल १८१९ रोजी बाल्टिमोरमध्ये चार सोबत्यांना घेऊन त्याची अमेरिकेतली पहिली शाखा, म्हणजे लॉज, काढली. परक्या शहरात आपलं कुणी नाही म्हणून त्यानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जुने ऑड फेलो शोधले होते. तिथून हा संघ असा फोफावला की शतक संपेपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक गिरणीगावांत मुख्य रस्त्यावर एखादी इमारत तीन कड्यांची खूण मिरवू लागली.

फ्रीमेसन मंडळींबद्दल आपल्याकडे थोडंफार कुतूहल आहे, मुंबईत फोर्ट भागात त्यांचं जुनं सभागृहही आहे. ऑड फेलोज मात्र जास्त करून कामकरी माणसांचे. लोहार, सुतार, भट्टीवरचे कामगार, रेल्वेतले लोक, छोटे दुकानदार. परवलीचे शब्द, खुणेचे हस्तांदोलन, पट्टे, झगे असा सगळा थाट होता. दीक्षेच्या वेळी नव्या सभासदाला डोळ्यांवर पट्टी बांधून आत आणत, आणि पट्टी सुटली की समोर माणसाचा सांगाडा असे. तुझाही शेवट हाच आहे, हे त्याला आधी दाखवत आणि मग भाऊ म्हणून जवळ घेत. पण या थाटामाटाच्या पोटात एक अगदी रोखठोक व्यवहार होता. सभासद नियमानं वर्गणी भरत. कुणी आजारी पडला, त्याचे खाडे झाले, तर लॉज त्याच्या घरी आठवड्याला ठरावीक रक्कम पोचवी. तो गेला तर अंत्यविधीचा खर्च लॉजचा, खांदा द्यायला लॉजचे भाऊ. संघाचा आदेशच तसा होता: आजाऱ्याला भेटा, अडलेल्याला सावरा, मेलेल्याला माती द्या, पोरक्याला शिकवा.

हे वाचताना गिरणगावातली कोकणातल्या गावोगावची ग्रामस्थ मंडळं आठवतात. ज्या काळात भट्टीत हात गेला तर मालकाकडून दमडी मिळायची हमी नव्हती, त्या काळात आठवड्याची ती चिल्लर हाच कामगाराचा विमा होता. मला त्या चार आदेशांतलं तिसरं वाक्य फार मोलाचं वाटतं. मेलेल्याला माती द्या. परमुलखात राबणाऱ्या माणसाची खोल भीती हीच असते की आपण बेवारस जाऊ.

बिल्ल्यावरचा महिना बहुधा सभासद झाल्याचा असावा. म्हणजे त्या मे महिन्यात जॉन्सटाउनमध्ये कुणीतरी त्या सांगाड्यासमोर उभा राहिला असणार आणि त्यानं हे चार आदेश मान्य केले असणार. महिना संपायच्या आत त्यातला एकेक आदेश त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

जॉन्सटाउन दोन नद्यांच्या संगमावर आहे. लिटल कोनेमॉ आणि स्टोनीक्रीक जिथे मिळतात त्या चिंचोळ्या खोऱ्यात, चहूबाजूंनी उभे डोंगर. १८८९ साली इथे आणि लगतच्या वस्त्यांत मिळून तीसेक हजार माणसं राहत होती. जर्मन, वेल्श, आयरिश, नुकतेच आलेले हंगेरियन. बहुतेकांची चूल कॅम्ब्रिया आयर्न कंपनीच्या जोरावर पेटे. ही देशातल्या आघाडीच्या पोलाद कारखान्यांपैकी एक. नद्यांचं पात्र कारखान्यांनी आणि राखेच्या भरावांनी आवळलेलं, त्यामुळे दर वसंतात खालच्या गल्ल्यांत पाणी शिरायचं. लोक सामान माडीवर नेत, दोन दिवस कळ काढत आणि पुन्हा खाली येत. या सवयीनंच पुढे घात केला.

गावापासून साधारण तेवीस किलोमीटर वर, साउथ फोर्क या ओढ्यावर, मातीचं एक धरण होतं. राज्य सरकारनं ते कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं आणि १८५३ साली पुरं केलं. तोवर रेल्वे आली आणि कालव्याचा उपयोगच संपला. धरण रेल्वे कंपनीकडे गेलं, मग जॉन रायली नावाच्या माणसाकडे. या रायलींनी धरणाच्या तळातून पाणी सोडायचे ओतीव लोखंडाचे नळ उपसून भंगारात विकले. दोन-दोन फूट व्यासाचे पाच नळ. मला या गोष्टीपाशी प्रत्येक वेळी थांबावं लागतं. मातीच्या धरणाला तळातून पाणी सोडायची सोय नसेल, तर ते भरल्यावर रिकामं करता येत नाही. दुरुस्ती करायची म्हटलं तरी पाणी उतरवता येत नाही. आणि मातीच्या धरणावरून एकदा का पाणी वाहू लागलं की ते धरण राहत नाही.

१८७९ साली बेंजामिन रफ यांनी हे नळ नसलेलं, एका ठिकाणी आधीच खचलेलं धरण विकत घेतलं आणि तिथे साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब उभा राहिला. सभासद साठेक. त्यांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन असे पोलाद आणि बँकांतले बडे धनिक. पिट्सबर्गच्या धुरातून उन्हाळ्यात सुटका हवी होती त्यांना. सत्तेचाळीस खोल्यांचं क्लबघर, तळ्याकाठी बंगले, तळ्यात वाफेवर चालणाऱ्या लहान बोटी. खालच्या पोलादगावात तळ्यात शिडाच्या नावा फिरतात ही गोष्ट दंतकथेसारखी सांगितली जाई.

क्लबनं धरणाची दुरुस्ती केली, पण ती अशी. खचलेल्या जागी माती, दगड, झाडझाडोरा, गवत असा भराव घातला. नळ परत बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाता याव्यात म्हणून माथा काही फूट खाली केला. म्हणजे पाणी धरणाला ओलांडून जायला तेवढी कमी उंची उरली. सांडव्याच्या तोंडावर लोखंडी जाळ्या बसवल्या, तळ्यात मुद्दाम आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. पावसात या जाळ्यांना पालापाचोळा आणि ओंडके अडकत आणि सांडवा अर्धा मिटे. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. चौघी एकत्र आल्यावर मात्र दोन कोटी टन पाणी बहात्तर फूट उंचीच्या मातीच्या ढिगामागे अडकून पडलं, आणि त्याला जायला धड वाट उरली नाही. तळं गावापेक्षा सुमारे साडेचारशे फूट उंचावर होतं.

कॅम्ब्रिया कंपनीचे प्रमुख डॅनियल मोरेल यांना हे खटकलं होतं. १८८० साली त्यांनी आपला माणूस, जॉन फुल्टन, धरण पाहायला पाठवला. फुल्टननी स्पष्ट लिहिलं: पाणी सोडायचा मार्ग नाही आणि दुरुस्ती पक्की नाही. मोरेलनी ते क्लबला कळवलं. रफ यांचं उत्तर नोंदलेलं आहे. तुम्हाला आणि तुमच्या लोकांना आमच्या उपक्रमापासून कसलाही धोका नाही, असं त्यांनी लिहिलं. ‘तुमचे लोक’ आणि ‘आमचा उपक्रम’. धोका कुणाच्या डोक्यावर आहे आणि हमी कोण देतंय, हे त्या एका वाक्यात सगळं आलं.

तीस मे १८८९, गुरुवार. सैनिकांच्या स्मृतीचा दिवस. जॉन्सटाउनमध्ये मिरवणूक निघाली, थडग्यांवर फुलं वाहिली गेली. रात्री पाऊस सुरू झाला आणि तो थांबेचना. चोवीस तासांत सहा ते आठ इंच. शुक्रवारी सकाळी गावात नेहमीसारखं पाणी चढलं, लोक नेहमीसारखे माडीवर गेले. वर तळ्याकाठी क्लबचे अध्यक्ष इलायस उंगर यांनी सकाळी पाहिलं तर पाणी माथ्याला टेकत आलेलं. मजुरांना लावून दुसऱ्या टोकाला नवी चर खणायचा प्रयत्न झाला, माथ्यावर मातीचा बांध घालायचा प्रयत्न झाला, जाळ्यांत अडकलेला कचरा उपसायची धडपड झाली. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात निरोप द्यायला गेला. तारेनं काही निरोप खाली पोचलेही. पण ‘धरण फुटणार’ ही आवई जॉन्सटाउननं वर्षानुवर्षं ऐकली होती. लांडगा आला रे आला म्हणत कुणी मनावर घेतलं नाही.

तीनच्या सुमारास धरण गेलं. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, फुटलं नाही, सरकून गेलं. तासाभरात पाणी जॉन्सटाउनला पोचलं. वाटेत त्यानं गावं, झाडं, घरं, रेल्वेचे डबे आणि अवजड इंजिनं सोबत घेतली. वुडव्हेल ही वस्ती जवळपास पुसली गेली, तिथल्या तारेच्या कारखान्यातून काटेरी तारेची मैलोगणती भेंडोळी लोंढ्यात मिसळली आणि माणसं त्यात गुरफटली. ईस्ट कोनेमॉजवळ जॉन हेस या इंजिनचालकानं इंजिनाची शिट्टी बांधून ठेवली आणि ती वाजवत गाडी मागे पळवली. ती शिट्टी ऐकून डोंगराकडे धावलेली माणसं वाचली. तारघरातल्या हेट्टी ओगल यांनी पाणी चढत असतानाही निरोप पाठवणं चालू ठेवलं, आणि हा माझा शेवटचा निरोप असं कळवून त्या थांबल्या. त्या आणि त्यांची मुलगी, दोघीही गेल्या.

चार वाजून सात मिनिटांनी लोंढा गावात शिरला. सुमारे दहा मिनिटांत गावाचा मध्य संपला. वाहून आलेलं सगळं खाली रेल्वेच्या दगडी पुलाच्या कमानींना अडलं आणि तीस एकरांचा ढिगारा झाला. घरं, इंजिनं, तार, जनावरं आणि त्यात अडकलेली जिवंत माणसं. संध्याकाळी तो ढिगारा पेटला. पाण्यातून वाचलेले तिथे आगीत गेले.

गावात मेन स्ट्रीटवर चार मजली विटांची एक इमारत होती. नाव अल्मा हॉल. ऑड फेलोजची इमारत. खाली दुकानं-कचेऱ्या, वर लॉजची सभा. फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चच्या दगडी भिंतींवर लोंढा आदळला आणि दुभंगला. त्या आडोशाला जी थोडी बांधकामं टिकली त्यांत अल्मा हॉल होता. पहिला मजला पाण्यात. वरच्या खिडक्यांतून लोक आत येऊ लागले. कुणी छपरांवरून उड्या टाकत, कुणी तरंगत्या फळ्यांवरून, कुणी दुसऱ्यानं ओढून. जेम्स वॉल्टर्स हे वकील आपल्या घरून एका छपरावर वाहत आले आणि लाटेनं त्यांना खिडकीतून आत फेकलं. ती खोली त्यांच्याच कचेरीची होती, अल्मा हॉलमधल्या.

अंधार पडेपर्यंत इमारतीत २६४ माणसं जमली. या रात्रीच्या हकिकती वाचताना माझ्या मनावर जे ठसलं ते असं की माणसांनी आधी व्यवस्था लावली. वॉल्टर्सना प्रमुख नेमलं. प्रत्येक मजल्याला एकेक जबाबदार माणूस. मद्य होतं ते ताब्यात घेतलं. दिवा लावायचा नाही असा नियम केला, कारण फुटलेल्या नळांतून गॅस पसरत होता आणि एका काडीनं सगळे गेले असते. त्यामुळे ती सगळी रात्र काळोखात. कोरडा कपडा नाही, अन्न नाही, औषध नाही. डॉक्टर विल्यम मॅथ्यूज यांच्या स्वतःच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि ते चाचपडत एकेका जखमीजवळ जात राहिले. त्या रात्री त्यांनी दोन बायांची बाळंतपणं केली. काळोखात. धर्मोपदेशक डेव्हिड बील यांनी प्रार्थना म्हटली. बाहेर पाण्यात घरं एकमेकांवर घासल्याचा आवाज, पुलाकडून आगीचा उजेड, आणि इमारत केव्हा खचेल याचा भरवसा नाही. ती खचली नाही.

आत आलेल्यांना कुणी परवलीचा शब्द विचारला नाही. बायका, मुलं, दुसऱ्या पंथांचे लोक, जे एरवी त्या वरच्या दालनात पाऊलही ठेवू शकले नसते, तेही त्या रात्री तिथेच होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण या बंधुसंघाच्या बंधुत्वाला कुंपण होतं आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. अमेरिकेतल्या या ऑड फेलोजचा दरवाजा फक्त गोऱ्यांना उघडा होता. कृष्णवर्णीयांना पीटर ऑग्डेन यांच्या पुढाकारानं १८४३ साली आपला वेगळा ऑड फेलोज संघ काढावा लागला, तोही इंग्लंडातून परवानगी आणून. आणि पुरानंतर जॉन्सटाउनमध्येच काय घडलं पाहा. बाहेरून आलेल्या बातमीदारांनी हंगेरियन मजूर मेलेल्यांची बोटं कापून अंगठ्या लुटताहेत अशा खोट्या कहाण्या देशभर छापल्या. त्याच मजुरांची बायकामुलं त्या चिखलाखाली होती.

मृतांचा आकडा २,२०९. नव्व्याण्णव कुटुंबांत एकही माणूस उरला नाही. ३९६ मुलं गेली. १२४ बायका विधवा झाल्या आणि १९८ पुरुष विधुर. ही शेवटची तफावत फार बोलकी आहे. पाणी आलं ते शुक्रवारी दुपारी, बायका घरात होत्या.

साडेसातशेहून अधिक मृतांची ओळख कधीच पटली नाही. शाळांत, चर्चमध्ये तात्पुरती शवागारं उघडली गेली आणि तिथे प्रत्येक देहाला क्रमांक देऊन वर्णन लिहून ठेवलं गेलं. केसांचा रंग, अंगावरचा कपडा, बुटांचा प्रकार, खिशात काय सापडलं. किल्ली, अर्धवट पाकीट, घड्याळ. नातलग रांगेनं येऊन त्या नोंदी ऐकत. अशा नोंदींमध्ये तीन कड्यांचा बिल्ला केवढी मोठी गोष्ट ठरली असती. नाव वाचता आलं नसतं तरी हा कुणाचा तरी भाऊ आहे आणि याला माती द्यायची जबाबदारी कुणाची तरी आहे, एवढं तरी कळलं असतं. गावावरच्या टेकडीवर ग्रँडव्ह्यू दफनभूमीत या अनोळखी मृतांसाठी ७७७ पांढऱ्या शिळा ओळीनं उभ्या आहेत. एकाही शिळेवर नाव नाही. मी त्या ओळींमधून चालले आहे. सगळ्या शिळा एकसारख्या. लहान मूल कुठलं आणि म्हातारं माणूस कुठलं, हेही तिथे कळत नाही.

मदत मात्र ओघानं आली. देशातून आणि परदेशांतून सदतीस लाख डॉलरहून जास्त जमले. क्लारा बार्टन सदुसष्टाव्या वर्षी आपलं रेड क्रॉसचं पथक घेऊन पाच जूनला पोचल्या आणि ऑक्टोबरपर्यंत हलल्या नाहीत. शांततेच्या काळातलं अमेरिकन रेड क्रॉसचं ते पहिलं मोठं काम. ठिकठिकाणच्या लॉजांनीही आपल्या भावांसाठी पैसे पाठवले. वर्षानुवर्षं थोडं थोडं साठवलेलं धन याच दिवसासाठी होतं.

आणि तळ्याकाठचा क्लब? क्लबनं एक हजार घोंगड्या पाठवल्या. फ्रिकनी पाच हजार डॉलर दिले, कार्नेगींच्या कंपनीनं दहा हजार. कार्नेगींनी पुढे गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं, आज त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. बरेच सभासद काहीच बोलले नाहीत आणि काही दिलंही नाही. क्लबवर दावे झाले. क्लबचे वकील फिलँडर नॉक्स आणि जेम्स रीड, दोघेही क्लबचे सभासद. क्लबच्या नावावर तळं आणि इमारती यांपलीकडे फारसं काही नव्हतं, सभासदांच्या खाजगी संपत्तीला कायद्यानं हात लागत नव्हता, आणि हा देवाचा कोप होता असा बचाव झाला. एकाही वारसाला नुकसानभरपाईचा पैसा मिळाला नाही. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेनं चौकशी केली, तिचा अहवाल तयार होऊनही बराच काळ दाबून ठेवला गेला आणि १८९१ साली बाहेर आला. माथा खाली केल्यानं फरक पडला नसता, असा त्यातला निष्कर्ष होता. अलीकडे शास्त्रज्ञांनी मोजमापं घेऊन पुन्हा गणित मांडलं तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही.

एकाच डोंगरउतारावर माणसांनी उभारलेल्या या दोन संस्था. दोन्ही ठिकाणी प्रवेश निवडूनच, दोन्ही ठिकाणी वर्गणी. वरच्या क्लबमध्ये वर्गणी भरून माणूस सगळ्यांपासून दूर जाई. खालच्या लॉजमध्ये तो वर्गणी भरून दुसऱ्याच्या आजारपणाला, मयताला, पोरांना बांधला जाई. लॉजवाले सज्जन होते आणि क्लबवाले दुष्ट, असं मला म्हणायचं नाही. फुल्टनचा अहवाल वाचून अस्वस्थ झालेले मोरेल हेही बडे मालकच होते. पण एका संस्थेच्या नियमांतच ‘दुसऱ्याचं काय होईल’ हा प्रश्न लिहिलेला होता आणि दुसऱ्या संस्थेच्या नियमांत तो कुठेच नव्हता. प्रश्न नियमात लिहिलेला असला की भल्याबुऱ्या सगळ्यांनाच त्याचं उत्तर द्यावं लागतं. नाहीतर कुणाच्या तरी वैयक्तिक चांगुलपणावर सगळं सोडून द्यावं लागतं आणि ऐन वेळी हजार घोंगड्या येतात.

धरणाची जागा आता राष्ट्रीय स्मारक आहे. दोन्ही टोकांचे भराव अजून उभे आहेत, गवतानं झाकलेले, आणि मधल्या खिंडीतून रेल्वेचा रूळ जातो. एका टोकावर उभं राहून समोर पाहिलं की पाणी किती होतं याची कल्पना पोटात गोळा आणते. खाली गावात दगडी पूल अजून वापरात आहे, मालगाड्या जातात त्यावरून. अल्मा हॉलही मेन स्ट्रीटवर उभा आहे. नगरपालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर १८८९, १९३६ आणि १९७७ च्या पुरांच्या खुणा लावल्या आहेत. १८८९ ची खूण माझ्या डोक्यावर कितीतरी उंच.

तिथे मान वर करून उभी असताना आमच्या पुण्यातल्या वाड्याची भिंत आठवणं अटळ होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमच्या घरी पाण्याची ती रेघ मोठी माणसं हात उंच करून दाखवत. काम पुरं व्हायच्या आत धरण भरायला घेतलं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होतं. पानशेतच्या आदल्या रात्री जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली म्हणून गावाला सकाळ उजाडेपर्यंतचे काही तास मिळाले. साउथ फोर्कच्या माथ्यावर पावसात नांगर आणि फावडी घेऊन माती ओढणारे मजूर वाचताना मला त्या जवानांचे हात दिसतात. त्यातल्या एकानंही ते धरण आखलं नव्हतं.

मोरेल आणि रफ यांच्या पत्रव्यवहारातली एक गोष्ट सांगायची राहिली. मोरेलनी नुसता इशारा दिला नव्हता. धरण नीट बांधायचं असेल, पाणी सोडायची सोय करायची असेल, तर खर्चात आमची कंपनी वाटा उचलेल असंही त्यांनी कळवलं होतं. म्हणजे खालच्या गावाकडून वर्गणी आलीच होती, संकट यायच्या नऊ वर्षं आधी. रफ यांनी ती घेतली नाही. मोरेलनी मग स्वतःच क्लबचं सभासदत्व घेतलं. १८८५ साली ते वारले, १८८७ साली रफही गेले. नळ बसलेच नाहीत, आणि माशांच्या जाळ्या सांडव्याच्या तोंडावर तशाच राहिल्या.